कॉमेंट्रीकाका आणि हृदयाची झडप

उजव्या हाताची मूठ हनुवटीखाली धरायची, डोळे बारीक करायचे आणि समोर जे काही चाललं असेल त्याचं वर्णन सुरू करायचं, ही कॉमेंट्रीकाकांची सवय. मी पहिल्यांदा त्यांच्या खाटेपाशी गेले तेव्हाही मूठ वर गेलीच.

"अन् मंडळी, मैदानात उतरून राहिल्या आहेत एक उंच मॅडम! हातात काय आहे? प्लास्टिकचा डबा आहे! डब्यात तीन गोळे आहेत! आता काय करतीन, काय नाई, सांगता येत नाई!"

आसपासच्या खाटांवरचे पेशंट हसले. हसताना त्यांनाच धाप लागली आणि ते उशीला टेकून बसले. खाटेशेजारी स्टुलावर त्यांची बायको होती. ती पदर सावरत हळूच म्हणाली, "अजी, गप राहा ना जरा."

मी नागपुरातल्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे. हृदयाच्या ऑपरेशनआधी पेशंटकडून श्वासाचे व्यायाम करून घेणं हे माझं काम. गप्प बसणं न जमणारा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. लग्नात, बसमध्ये आपण त्याच्यापासून चार हात लांब बसतो. पण हृदयाच्या वॉर्डात, जिथे प्रत्येक जण आपल्याच छातीकडे कान लावून पडलेला असतो, तिथे असा माणूस आला की खिडकी उघडल्यासारखं वाटतं.

ते सावनेरकडच्या एका खेड्यातले. घरची थोडी शेती, पण त्यांची ओळख कबड्डीची. खेळाडू म्हणून नव्हे, समालोचक म्हणून. हिवाळा लागला की सावनेरपासून काटोलपर्यंत गावोगावी सामने भरतात, आणि माइक हाती घ्यायला बोलावणं यांनाच. त्यांचा आवाज भोंग्याशिवायही शेताच्या पलीकडे जायचा, असं गावाकडून भेटायला येणारा प्रत्येक जण सांगायचा.

त्यांचा आजारही माइकसमोरच उघडकीला आला. अंतिम सामना ऐन रंगात होता आणि वाक्य मध्येच तुटलं.

"पोट्ट्यांले वाटलं माइक बंद पडला," ते सांगायचे. "ते तिकडे वायर हलवून राहिले, अन् मी इकडे खुर्चीवरून घसरून राहिलो!"

हृदयातून शरीराकडे रक्त सोडणारी झडप अगदी आखडून गेली होती. छाती उघडून नवी झडप बसवायला हवी होती. डॉक्टरांनी त्यांना आणि काकूंना समोर बसवून सगळं नीट समजावलं. हृदय काही वेळ थांबवू, तेवढा वेळ मशीन रक्त फिरवेल, जुनी झडप काढून नवी शिवू. काका लक्ष देऊन ऐकत होते.

"थांबवता? मंग चालू कोण करते?"

"आम्हीच," डॉक्टर म्हणाले.

"मंग ठीक आहे. वापस जाच्या आधी तेवढं लक्षात ठेवजा."

झडप दोन प्रकारची असते, धातूची आणि जनावराच्या ऊतीपासून केलेली. धातूची फार टिकते, पण तिच्यासोबत जन्मभर रक्त पातळ ठेवायची गोळी आणि वरचेवर तपासणी लागते; शिवाय कधीकधी तिची टिकटिक ऐकू येते, असं डॉक्टरांनी सांगितलं. काकांचा चेहरा पडला. "टिकटिक? माइकमधून पब्लिकले ऐकू येईन ना बाप्पा! मी म्हणीन चढाई, अन् मागं घड्याळ वाजीन!" त्यांच्या गावाहून वरचेवर तपासणीला येणं अवघडच होतं. वयाचा विचार करून डॉक्टरांनाही दुसरी झडप योग्य वाटत होती. काकांनी मान डोलावली. "जनावराची चालते. जनावराले दम असते."

मग सगळे उठायला लागले तेव्हा त्यांनी मूठ खाली ठेवून साध्या आवाजात विचारलं, "डॉक्टरसाहेब, ते नळी टाकता ना तुमी घशात. आवाज राहीन ना?"

डॉक्टर म्हणाले, काही दिवस घोगरा होतो, बहुतेकांचा परत येतो. काकांनी त्यातला 'बहुतेकांचा' हा शब्द तेवढा उचलला आणि दिवसभर चघळत बसले.

चघळायला आता तेवढंच उरलं होतं, कारण तंबाखू-सुपारी घोटून केलेला खर्रा बंद झाला होता. नागपूरकडच्या माणसाचा खर्रा सोडवणं म्हणजे काय, ते इकडे राहणाऱ्यालाच कळेल. काकूंनी पिशवी झटकली, बनियनच्या घड्या उलगडल्या, शेवटी उशीच्या अभ्र्यातून पुडी काढली आणि कचऱ्यात टाकली. "अन् पकड!" काका केविलवाण्या आवाजात म्हणाले. "चढाई करणारा बाद!"

खर्ऱ्यानं किडवलेले दातही काढावे लागले. दातातला जंतू रक्तातून नव्या झडपेवर जाऊन बसू शकतो, म्हणून ऑपरेशनआधी तोंड स्वच्छ लागतं. पुढचे दात गेले आणि 'स'च्या जागी शीळ वाजू लागली. "सामना सुरू" म्हणताना तर दोनदा. सगळा वॉर्ड हसला. मग तेही हसले, पण तोंडावर हात धरून.

माझ्या तीन गोळ्यांशी मात्र त्यांची लगेच दोस्ती झाली. नळीतून श्वास आत ओढायचा, की एकेक गोळा वर चढतो. पहिल्या दिवशी एकच गोळा हलला. दुसऱ्या दिवशी मी पोचायच्या आधीच व्यायाम सुरू झाला होता. उशी छातीशी घट्ट धरून खोकायचं कसं, तेही ते शिकले आणि इतरांना शिकवू लागले. "उशीले सासूबाई समजू नका गा, पोटच्या पोरीसारखं धरा!"

पलीकडच्या खाटेवर नागपूरच्याच सदर भागातले एक कापडदुकानदार होते. त्यांचंही ऑपरेशन त्याच आठवड्यात. ते कोणाशी बोलत नसत, व्यायामाला हात लावत नसत, भिंतीकडे तोंड करून पडून राहत. काकांच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी संध्याकाळी तेच अचानक कुशीवर वळून म्हणाले, "काका, एक मॅच होऊन जाऊ द्या."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना जोर करायची मनाई होती. मी म्हटलं, "बसून. आणि हळू आवाजात."

ते मांडी घालून बसले. मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा हळू बोलताना ऐकलं. आवाज खाली आला तसा वॉर्ड पुढे झुकला. एक किरकोळ अंगाचा गडी, एकटा उरलेला, समोर सात जण. त्यानं मध्यरेषेला हात लावला, कपाळाला लावला. माती थंड होती. कोपऱ्यातला गडी पायाकडे टपून होता. एक झेप, अंगावर दोघे, घोट्याला घट्ट मिठी... मध्ये काका श्वासाला थांबत, पण आम्हाला वाटे तो थांबा खेळातलाच आहे. सिस्टर सलाइनची बाटली हातात धरून उभी राहिली होती. गड्याचं बोट रेषेला टेकलं तेव्हा टाळ्या पडल्या. दुकानदारांनी उठून बसत टाळ्या वाजवल्या, आणि मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "मॅडम, तो डबा द्या बरं."

काकू स्टुलावर नवऱ्याकडे एकटक बघत होत्या.

"तुमी असं बोलता तिकडे?"

"असंच."

"मले कधी नेलं नाई."

"तू कधी म्हटलं नाई वं." मग चादर सारखी करत, "मले वाटे, घरी ऐकून ऐकून तुले कंटाळा आला असन."

"घरी कुठं असं बोलता," काकू म्हणाल्या. "घरी निसता चहा मांगता."

ऑपरेशन ठरल्याप्रमाणे पार पडलं. दुसऱ्या दिवशी नळी काढल्यावर मी गेले. त्यांनी मला ओळखलं, मूठ उचलली, ओठ हलवले. नुसती हवा आली. त्या डोळ्यांत तेव्हा जी भीती दिसली, ती छाती उघडायचं ठरलं तेव्हाही दिसली नव्हती. मी समजावलं, असं होतं, वेळ लागतो. त्यांनी मान हलवली आणि गोळ्यांचा डबा मागितला.

पुढचे दिवस ते व्यायाम करत, चालत, उशी धरून खोकत, पण घशातून दारावर पत्रा घासल्यासारखा आवाज यायचा. ते बोलायचंच टाळू लागले. त्यामुळे घरी जायच्या दिवशी सगळे जरा अवघडून उभे होते. त्यांनी चप्पल घातली. तेवढ्यात काकूंनी पिशवी खाली ठेवली, डोक्यावरचा पदर घट्ट केला आणि बांगड्यांसकट मूठ हनुवटीखाली धरली.

"अन् मंडळी," काकूंचा आवाज कापत होता, "नवी झडप घेऊन निघून राहिले आहेत... आमचे हे! दात नाई, खर्रा नाई, पण चाल पाहा गा, चाल! नवरदेवावानी!"

काका बघतच राहिले. मग हसू फुटलं. हसताना छाती दुखते म्हणून मी घाईघाईनं उशी त्यांच्या हातात दिली, आणि ते उशीला कवटाळून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आवाज न करता हसले. दुकानदार आपल्या खाटेवरून ओरडले, "वाह काकू, वाह!"

तपासणीला ते आले तेव्हा मी रजेवर होते. सिस्टरनं सांगितलं, तब्येत छान, दात नवे बसवले, फार बोलले मात्र नाहीत. पुढे त्यांची तपासणी गावाजवळच्या डॉक्टरांकडे होऊ लागली, आणि आमची गाठ पडली नाही.

मागच्या हिवाळ्यात मैत्रिणीच्या लग्नासाठी बसनं सावनेरला निघाले होते. दुपारी एका फाट्यावर बस थांबली. माणसं उतरत होती. कापूस वेचून झालेल्या वावरापलीकडे माणसांची गोल गर्दी होती, आणि भोंग्यावरून कबड्डीचं समालोचन येत होतं. आवाज जाड होता, थोडा खरखरीत, पण भरलेला. माझ्या हातातली पर्स खाली पडली.

मी खिडकीतून मान बाहेर काढली. नुसत्या पाठी दिसत होत्या. समोरच्या सीटवरचे म्हातारबाबा कौतुकानं म्हणाले, "लय बोलते हा माणूस."

चढाई चालू होती. गडी डावीकडून घुसला होता, उजवीकडे वळला होता, कोणाच्या तरी हाताखालून निसटत होता, आणि आवाज त्याच्यामागे धावत होता, चढत होता. ते श्वासाला कुठे थांबतात, याची मी सवयीनं वाट बघत होते. कंडक्टरनं घंटी दिली, बस हलली, वळण आलं, इंजिनच्या घरघरीत भोंगा बुडत गेला, आणि त्यांचं ते एक वाक्य अजून संपलं नव्हतं.