ही माणसं काटक असतात

"उचल रे. हा आमचा प्रो बरं का! पण बॅग उचलायची सवय अजून सुटली नाही त्याची."

असं म्हणून साहेबांनी स्वतःची गोल्फची बॅग माझ्या खांद्याला अडकवली. चार पाहुणे हसले. मीही हसलो. लाज त्या माझ्या हसण्याची आहे.

मी कामरगावचा. बाप शहरातल्या गोल्फ क्लबात गवत कापायचा. मी तिथंच बॅगा वाहिल्या, वाहता वाहता खेळ शिकलो आणि या वर्षी व्यावसायिक गोल्फर झालो. माझा प्रवासखर्च त्याच क्लबाचे बडे मेंबर असलेले हे साहेब करायचे. त्या बदल्यात दोन स्पर्धांमधले दिवस त्यांचे. बाकीचे खेळाडू तेव्हा झोपायचे, पाय शेकायचे. मी साहेबांच्या पाहुण्यांसोबत उन्हात अठरा होल चालायचो.

"थकत नाही का हा?" एका बाईंनी विचारलं.

"ही माणसं काटक असतात. यांना सुट्टी लागत नाही. रक्तातच असतं ते," साहेब म्हणाले.

खोटं कशाला सांगू? मला ते कौतुक वाटलं. आमच्याकडं काटक म्हणजे शाबासकी. छाती फुगवून मी सलग पाच आठवडे खेळलो. सहाव्यात डावं मनगट सुजलं. गोल्फची काठी हातात धरवेना. दोन दिवसांतच स्पर्धेबाहेर झालो. साहेबांचा फोन आला. मनगटाबद्दल एक शब्द नाही.

"बुधवारी पाहुणे आहेत. ये."

मी गावी आलो. सोयाबीनची सोंगणी चालू होती. माय दिवसभर वाकून आली आणि माझं मनगट शेकायला बसली. मी तिला बॅगेचं, पाहुण्यांच्या आणि माझ्या हसण्याचं सगळं सांगितलं. "साहेब म्हनते, आपन काटक आहो. आपल्याले सुट्टी लागत नाई."

"कोन काटक? मी? माये गुडघे पाह्य." तिनं लुगडं वर सारलं. गुडघे नव्हते ते, गाठी होत्या. "बसलो तं उद्या कामाले बलावत नाई, म्हनून बसत नाई आमी. त्याले म्हना, एकदा देऊन पाह्य सुट्टी. लागते का नाई, ते सांगतो मी!" मग माझ्याकडं बघून म्हणाली, "आन तू कायले हासत होता रे त्याइच्यासंग?"



काटक. बाजारात बैल घेताना हाच शब्द वापरतात. आणि बैलाच्या मानेवरही पोळ्याला जू नसतं.

मी तिच्यासमोरच फोन लावला. "साहेब, बुधवारी येत नाही. पुढच्या दोन स्पर्धाही सोडतोय. मी थकलोय."

"थकलास? तू?"

"हो. मी थकतो."

"मग तुझा खर्च तू बघ."

"बघतो."

दोन स्पर्धा सोडल्या तर पुढच्या वर्षी स्पर्धांत उतरायचा परवाना, म्हणजे कार्ड, जाऊ शकतं. जाऊ दे. कार्ड पुन्हा खेळून मिळवीन. मनगट कुठून मिळवू?

आता माझ्या हंगामाचं वेळापत्रक मी ठरवतो. तीन आठवडे खेळायचं, चौथ्यात अंग टाकायचं. त्या फोनच्या दुसऱ्याच दिवशी भर दुपारी अंगणात बाज टाकून आडवा झालो. रस्त्यानं जाणारा काका थबकला.

"काहून रे, बिमार हायेस का?"

"नाई काका. सुट्टी आहे."

"कोनं देल्ली?"

कोनंच नाही. मी घेतली. आणि दर चौथ्या आठवड्याला घेणार.