थंडीतला वाळा

आत्या गेल्याचा निरोप आला तेव्हा मी खापरखेड्याच्या क्वार्टरमध्ये पोळ्या लाटत होते. सीताबर्डीला पोचेपर्यंत तिचं घर माणसांनी भरलं होतं. चिंगी, आत्याची आंधळी कुत्री, खाटेखाली अंग चोरून बसलेली. कोणाच्या हातचं पाणीसुद्धा घेईना...

चिंगी जन्मापासून आंधळी नव्हती. आधी तिला तिन्हीसांजेला दिसेनासं झालं, मग ढगाळ दिवशी, मग भर उन्हातही. तिच्या आईचंही हेच झालं होतं. गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "रक्तातलंच आहे. औषध नाही. हिला पिल्लं होऊ देऊ नका." आत्या घरी येऊन ढसढसा रडली. मागेपुढे कोणी नसलेली बाई, जीव सगळा त्या कुत्रीत. "मले काही झालं तं हिले दरवाजा कोन दाखवन वं?" एवढीच तिची धास्ती.

आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात गारव्यासाठी मागच्या दाराला वाळ्याच्या मुळ्यांची ताटी लावली होती. पाणी मारून वास सुटला की चिंगी नाक वर करून, कुठेही न धडकता थेट दारात! आत्या केवढी हरखली. पावसाळा आला, सगळ्यांनी ताट्या उतरवल्या. हिने मात्र वाळ्याची एक जुडी चौकटीला टांगली आणि रोज सकाळी भिजवू लागली. पूस महिन्याच्या थंडीतसुद्धा! मला हसू आवरायचं नाही.

"आत्या, लोक स्वेटर घालून राहिले अन् तू वाळा भिजवून राहिली?"

"तुले डोळे हायेत, तू हास," ती म्हणायची. मग "चिंगे, चाल वं माय," आणि दोघी अंगणात ऊन खात बसायच्या.

तेरवीच्या साफसफाईत कोणीतरी ती जुडी कचरा समजून फेकली. चिंगी भिंतीवर आदळली आणि तिथेच थरथरत उभी राहिली. माझं डोकंच फिरलं. उकिरड्यावरून जुडी शोधून आणली, बांधली, भिजवली.

आता चिंगी माझ्याकडे खापरखेड्याला असते, जुडीही. सकाळी मी वाळा भिजवते, ती बरोबर दाराशी येते. पण उंबरा ओलांडत नाही. "चाल वं माय," मी म्हणून पाहते, अगदी आत्याच्या सुरात. चिंगी शेपूट हलवते आणि नाक वर करून तशीच थांबते... मग मीही तिच्याजवळ थांबते.

आत्या, दरवाजा सापडते वं तिले. तूच तेवढी सापडत नाही.