कडक रबर
पंक्चरच्या सोल्युशनचा वास आला की मला परभणीतली ती दुपार आठवते. विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदमुळं दोनदा पुढं गेलेली टेबल टेनिसची निवड चाचणी दुसऱ्या दिवशी होती, आणि आमच्या खेळाच्या सरांनी हैदराबादहून बॅटसाठी दोन रबरं आणली होती. "हे मऊ हाय, चेंडू टेबलावर राहील. हे कडक, लय वेगाचं. पण हातात बसायला महिना लागतो." मी स्मॅश मारणारी पोरगी, सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन लावून कडकच चिकटवलं. संध्याकाळी सरावात प्रत्येक चेंडू टेबलाबाहेर जायला लागला, तशी मी बॅट सरांपुढं धरली. "काढू का, सर?" "आता काढलंस तर फाटंल," ते म्हणाले. रात्रभर डोळा लागला नाही. चाचणीत पहिला गेम हरले. दुसऱ्यात हात आवरून खेळले तेव्हा कुठं चेंडू आत पडले. संघात शेवटचं नाव माझं लागलं. आता माझी मुलगी विचारते, "आई, कोणतं रबर घेऊ?" आणि मी आधी विचारते, "स्पर्धा कधी आहे?"