यादी जाळलेल्या गावात

मूर्तिजापूरला गाडीतून उतरले तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते आणि पिशवीत गावाला द्यायचा अहवाल होता. गेल्या खेपेला याच स्टेशनावर मी मोठ्या ऐटीत उतरले होते. या वेळी पाय निघेना. बाहेर चहा घेतला, मग उगीच दुसरा घेतला, आणि घाईघाईनं चुकीच्या ऑटोत बसले. ही पूर्णा नदीकडे जातच नाही, हे अर्ध्या रस्त्यात कळलं. ऑटोवाल्यानं उतरवलं आणि वर मलाच झापलं, बसायच्या आधी विचारायचं नाही का म्हणून. बरोबरच होतं त्याचं.

गावाचं नाव लिहीत नाही. तेवढा एक शब्द तरी पाळते. गाव खारपाणपट्ट्यातलं (जमिनीखालचं पाणी खारट असलेला पूर्णाकाठचा प्रदेश). रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सपाट काळी जमीन, तूर, हरभरा, आणि सावलीला म्हणाल तर एखादी बाभूळ. विहिरीच्या पाण्यात इथं डाळ शिजत नाही. हे पाणी पिऊन किडन्या खराब होतात का, ते पाहायला आम्ही संशोधकांनी घराघरातून रक्ताचे आणि लघवीचे नमुने नेले होते. गाव तयार झालं ते सुनीताताईमुळं. ती इथली आशा, म्हणजे आरोग्याची कामं करणारी गावातलीच बाई. दारोदार तीच हिंडली होती.

पण गावानं एक अट घातली होती. बुद्धविहारासमोर सभा भरली, तेव्हा पंप दुरुस्त करणारे गफ्फारभाई उठले. तीन लेकींचा बाप. अमक्याच्या घरात किडनीचा आजार आहे, असं बाहेर फुटलं तर त्या घरच्या पोरी कोण करून नेणार, हा त्यांचा सवाल. मग सगळ्यांनीच लावून धरलं : नमुन्यांवर नुसते नंबर टाका, आणि कोणता नंबर कोणाचा, ती यादी आमच्यासमोर जाळा. निकाल येईपर्यंत ती कुलपात राहू द्या, एवढं मी म्हणायला हवं होतं. पण लोक आपणहून बोलताहेत, ठरवताहेत, याचंच मला इतकं अप्रूप की मी मान डोलावली. काडीही मीच ओढली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि अकोल्याच्या ऑफिसातही माझं कौतुक झालं. कुठं अक्कल गहाण ठेवली होती, देव जाणे.

सुनीताताईनं आधी जेवायला बसवलं. ज्वारीची भाकर, ठेचा आणि सोलेभाजी (तुरीच्या ओल्या दाण्यांची भाजी), तीही माझ्यासाठी विकतच्या पाण्यात शिजवलेली. शेवटी सांगून टाकलं : काही जणांच्या किडन्या बिघडायला लागल्यात, आत्ताच औषधं सुरू केली तर वाचतील. तिनं ताट बाजूला सारलं.

“कोनाच्या?”

माहीत नाही, म्हटलं. यादीच नाही, आणि नंबर मुद्दाम उलटसुलट टाकलेले, कुणाला स्वतःचाही सांगितलेला नव्हता. अहवालात वयाचे मोठेमोठे गट आहेत, त्यावरून माणूस काही ओळखता येत नाही.

मग अगदी हळू म्हणाली, “मॅडम, आमी जाळा म्हनलं. आमाले का समजते त्यातलं? तुमी तं शिकेल हायेत. तुमी काहून जाळली?”

लाज वाटली.

दुपारभर आम्ही दोघी घरोघर फिरलो. एकच उपाय होता : सगळ्यांनी पुन्हा तपासून घ्यायचं, तालुक्याच्या दवाखान्यात, फुकट. येणाऱ्यांची नावं लिहायला मी वही काढून ठेवली होती. गफ्फारभाईंनी खुर्ची दिली, चहा पाजला, सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, “आमच्या घरचं नसन ते. अल्ला का करम है. तुमी वरच्या आळीत पाहा.” वरच्या आळीनं खालच्या आळीकडं बोट दाखवलं. एक म्हातारी तर उखडलीच. पहिलं रक्त नेलं त्याचं काय केलं ते आधी सांग, म्हणाली. ऊन उतरलं तरी वहीत एक नाव नव्हतं.

सुनीताताई फाट्यावर पोचवायला आली. मी तिला विनवलं, तू तरी जा. तू गेलीस की बाकीच्या बाया मागून येतील.

तिनं मान हलवली. “मी गेली तं गाव म्हनन, हिच्याच घरचं होतं. माही पोरगी लग्नाले आली, मॅडम.”

तेवढ्यात एस.टी. आली. मी चढले. खिडकीतून पाहिलं तर ती पाठ फिरवून गावाकडं निघालीही होती.

परतीच्या गाडीत अहवाल उघडला. बिघडलेले नंबर एकाच पानावर आहेत. रक्त द्यायला पहिली बसली होती सुनीताताई, सगळ्यांची भीती मोडावी म्हणून. या पानावर ती आहे की नाही, हे मला ठाऊक नाही, तिलाही नाही. गावाला विचारल्याशिवाय मी तिथं काहीही केलं नाही, याचा मला केवढा अभिमान होता! मी सगळ्यांचं ऐकलं. फक्त मला जे कळत होतं, ते कुणाला सांगितलं नाही. अकोल्यापर्यंत मी त्या पानावरचे नंबर पुन्हा पुन्हा वाचत बसले होते, जणू त्यातला एखादा ओळखू येईल.