मागून ढकलणारा

बाळाराम गेल्याची बातमी मला फ्लेक्सवरून कळली. मी मुलीकडे गेलो होतो, फोन बिघडला होता, आणि कर्जत स्टेशनाबाहेर आलो तर समोर तो. खाली लिहिलेलं, 'थोर संशोधक, सागरपुत्र'. त्याच्या फोटोपेक्षा श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे फोटो मोठे होते. सागरपुत्राला पोहता येत नव्हतं...

आम्ही शाळेत शेवटच्या बाकावर शेजारी बसायचो. मी पुढे मास्तर झालो. तो मात्र जन्मभर शेवटीच बसला. घाट चढणाऱ्या गाडीला मागून एक इंजिन ढकलतं, त्याला बँकर म्हणतात. त्याचा तो ड्रायव्हर. नवी गाडी सुरू झाली की हार पुढच्या इंजिनाला. मागच्या इंजिनापुढे कोणी नारळ फोडल्याचं माझ्या पाहण्यात नाही. त्याला त्याचं काही नव्हतं. "पुढं बसलं की हात हलवावं लागतात, मास्तर," म्हणायचा.

त्याचं सुख वेगळंच होतं. घाट चढताना इंजिन तारेतून वीज घेतं. उतरताना तेच इंजिन गाडीला आवरून धरतं आणि वीज तारेला परत देतं. ठाकुरवाडीच्या उतारावर मीटरचा काटा उलटा फिरायचा, ते तो देवळातल्यासारखं गप्प राहून बघायचा.

निवृत्तीनंतर त्याच्या मेहुण्याच्या, धर्माच्या, शिडाच्या होडीचं डिझेल इंजिन बंद पडलं. होडी अलिबागकडच्या खाडीत, त्याच्या बायकोच्या, सुमनवहिनींच्या माहेरी. बाळारामनं इंजिन काढून विजेची मोटार आणि बॅटरी बसवली. खाडीतून बाहेर पडायला मोटार, पुढं शीड. शिडात वारा भरला की होडी पळणार, पाण्याच्या रेट्यानं खालचा पंखा फिरणार, पंखा मोटारीला फिरवणार आणि मोटार बॅटरी भरणार.

"वारा म्हंजे आपला उतार, मास्तर."

मी म्हणालो, "जगात फुकट काही मिळत नाही."

"फुकट कोण मागतोय रं? थोडा वेग देऊ ना."

पहिल्या फेरीत थोडा नव्हे, सगळाच वेग गेला. पंखा पाण्याला असा अडला की भर वाऱ्यात होडी जागची हलेना. बॅटरीच्या मीटरचा काटा मधोमध ठाम. धर्मा ओरडला, "दाजी, ही होडी हाय का नांगर?" बॅटरीही उतरलेली, शेवटी दुसऱ्या होडीनं दोर टाकून ओढत आणलं. काठावर लोक हसत होते. बाळाराम मागच्या फळीवर बसून पंख्याकडे बघत होता. "पंखा चुकला," एवढंच म्हणाला.

नवा पंखा त्यानं साजगावच्या एका वर्कशॉपमध्ये करवून घेतला, पुन्हा तासला, पुन्हा बदलला. शेवटचा बसवून तो कर्जतला परतला आणि त्याच आठवड्यात झोपेत गेला. पंखा पाण्यात फिरलेला त्यानं पाहिलाच नाही.

तेरावं झाल्यावर धर्मा चाचरत बहिणीला म्हणाला, "ताई, धंद्याचे दिवस हायत. डिझेल इंजिन दुरुस्त झालंय. बसवू का?"

वहिनी रडत नव्हत्या. "आदी एक फेरी. ह्यांच्याच मोटारीवर. डिझेलचा डबा नाय, कुणाचा दोर नाय. नाय जमलं तर बसव." मग माझ्याकडे वळून, "मास्तर, तुमी पन चला. शोकसभेत लई बोललात."

गेलो. मलाही पोहता येत नाही.

मोटारीवर खाडीबाहेर पडलो, काटा उजवीकडे, बॅटरी उतरत होती. धर्मानं शीड चढवलं. काटा मधे येऊन थांबला... थांबलाच. वहिनी पदर खोचून त्याच्यावर डोळे लावून बसल्या. वारा वाढला, होडी कलली, खाली काहीतरी गुणगुणायला लागलं, आणि काटा डावीकडे सरकला. होडी किंचित मंदावली. पळायची थांबली नाही. बाहेर बराच वेळ तशीच पळवली.

परतताना खाडीच्या तोंडाशी वारा पडला. शीड लोंबलं, ओहोटी बाहेर ओढायला लागली. बाजूनं जाणाऱ्या डिझेल होडीवरून हाक आली, "धर्मा, दोर टाकू काय रं?"

धर्मानं बहिणीकडे पाहिलं. वहिनींनी मोटारीचं बटण दाबलं. होडी ओहोटीला छाती देत हळूहळू आत सरकू लागली.

"नको रं दादा," त्या ओरडल्या, "मागनं ढकलणारा हाय!"

डिझेलचं इंजिन अजून ताडपत्रीखाली आहे. धर्मा रोज मोटारीवरच समुद्रात जातो. होडीची मागची फळी मात्र मोकळी असते. तिथं अजून कोणी बसत नाही.