टबातले उभयचर

भुकूमला फ्लॅट घेतला तेव्हा आमच्या कंपाउंडपलीकडे एक डबकं होतं. गेल्या पावसाळ्यात तिथे मुरमाचे डंपर रिकामे व्हायला लागले, आणि आमच्या लेकीने रडून घर डोक्यावर घेतलं. डबक्यात बेडूकमासे होते! शेवटी नवऱ्याने ते बादलीतून वर आणले आणि बाल्कनीतल्या निळ्या टबात सोडले. माझा कपडे भिजवायचा टब तो. मी चिडले, पण माझं ऐकतंय कोण?

नवऱ्याला तर चेवच आला. हा हिंजवडीत कॉम्प्युटरपुढे बसतो, पण शब्दांचं भारी वेड. "उभय म्हणजे दोन्ही. चर म्हणजे हिंडणारा, फिरणारा. गुरं चरायला जातात ना, त्यातलाच हा चर. आधी पाण्यात वाढायचं, पाय फुटले की जमिनीवर यायचं. दोन्हीकडे ज्याचा वावर, तो उभयचर." लेक आ वासून ऐकत होती. बाबाला येत नाही असं जगात काही नाही, हे तिचं ठाम मत. पोळ्या लाटता लाटता मीही कान देऊन ऐकलं, खोटं कशाला बोलू! आमच्या सोलापूरकडे बेडकाला बेडूकच म्हणतात, त्याच्यामागे एवढं काही असेल असं वाटलं नव्हतं.

मग काय, उकडलेला पालक घाल, पाणी बदल, बापलेकीचं तेच चाललं होतं. मागचे पाय आले, मग पुढचे आले. आम्हाला दूध घालणाऱ्या मावशींच्या भातखाचरात रविवारी सगळे सोडायचे ठरले. लेकीने वर्गभर सांगूनही टाकलं.

शनिवारी सकाळी ती बाल्कनीतून किंचाळली. पिल्लं पाण्यावर उलटी तरंगत होती. नवऱ्याने घाईघाईने मोबाइलवर शोधलं. पाय फुटले की त्यांना पाण्याबाहेर येऊन टेकायला जागा लागते, नाहीतर पोहून पोहून दमतात आणि बुडतात. बेडूक बुडून मेले हो! टबाच्या कडा गुळगुळीत, चढणार कुठे?

माझा तोल गेला. "एवढा अर्थ सांगत बसलास, एक वीट ठेवायचं सुचलं नाही?" लेकीसमोर बोलायला नको होतं. आणि मला तरी कुठे सुचलं होतं? रोज त्या टबाशेजारीच तर कपडे वाळत घालत होते मी. लेक नुसती बघत राहिली, रडलीसुद्धा नाही. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

पालकाच्या देठाला धरून एकच पिल्लू जगलं होतं. रविवारी ते घेऊन आम्ही खाचरावर गेलो. मावशी म्हणाल्या, "सोड की पोरी, हितं त्याचे भावबंद लई हायेत." लेकीने ओंजळ उघडली, पिल्लाने बांधावर उडी मारली आणि गवतात दिसेनासं झालं. ती हसेल असं आम्हाला वाटलं होतं, पण नाही हसली.

परतताना तिला बोलतं करायला नवऱ्याने बोट दाखवलं, "तो बगळा बघ, चिखलातले किडे वेचतोय."

लेकीने बगळ्याकडे पाहिलंच नाही. मागे वळून तिने मला विचारलं, "आई, खरं आहे का गं हे?"

"हो, खरं आहे," मी म्हणाले.

नवऱ्याने ऐकलं. बगळ्याबद्दल तो अजून काहीतरी सांगणार होता, ते त्याने सांगितलं नाही.