गाऱ्हाण्यातला एक आवाज

आमच्या दोन खोल्यांची पाटी मीच रंगवली होती. तारकर्लीच्या रस्त्यावरून आमच्या घराकडे वाट फुटते तिथे माडाला पत्रा ठोकून, पिवळ्यावर निळ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'राहण्याची व जेवणाची घरगुती सोय.' खाली माझा मोबाइल नंबर. माझा, कारण घरात मोबाइल एकच होता आणि बाबांना त्यावर बोलणं जमत नसे. भर समुद्रात लांबच्या होडीला हाक मारायची सवय असलेला माणूस. फोनवरही तसेच ओरडायचे, आणि पलीकडचा मुंबईकर घाबरून फोन ठेवून द्यायचा. दोनदा असं गिऱ्हाईक गेल्यावर त्यांनी फोन माझ्या हातात दिला. म्हणाले, "खोल्यो तुज्यो, फोन तुजो. आमी आपले मासे आणतंव."

मी तेव्हा बावीस वर्षांची होते आणि त्या फोनचा मला भलता अभिमान होता. कुडाळ स्टेशनवरच्या रिक्षावाल्यांकडेही मी नंबराची कार्डं देऊन ठेवली होती. पुढे जे झालं त्यात मला सगळ्यात आधी हेच आठवलं, की हा नंबर गावभर, जगभर वाटत सुटले ती मीच.

२००८च्या मे महिन्यात चार मित्र येऊन राहिले. त्यातला एक जरा जास्त बोलका. निघायच्या दिवशी बाबांनी मोठी सुरमई आणली होती, ती मी दोन्ही हातांत धरली आणि त्याने फोटो काढला. "हसा ना," म्हणाला. हसले. पाहुण्याने हसायला सांगितलं तर आमच्याकडे कोण तोंड वाकडं करणार? मग त्याचे मेसेज यायला लागले. सुप्रभात, जेवलीस का, माशांची आठवण येते. मीही उत्तरं द्यायचे, पुढल्या वर्षी परत या म्हणून. धंद्यात गोड बोलावंच लागतं. एके दिवशी त्याने जे विचारलं ते पाहुण्याने विचारायचं नव्हतं. मी उत्तर देणं बंद केलं. विषय संपला असं मला वाटलं.

मृग लागला. होड्या वाळूवरून वर ओढल्या गेल्या, माडाच्या झापांनी शाकारल्या गेल्या. आता नारळी पौर्णिमेपर्यंत दर्यात कोणी जायचं नाही. बाबा दिवसभर पडवीत जाळी विणत बसलेले. आणि त्यांच्या समोर, त्या पडवीत, फोन वाजायला लागला.

पहिला माणूस अगदी लाडात माझं नाव घेऊन बोलला. मला वाटलं, जुनं गिऱ्हाईक असेल. दुसऱ्याने विचारलं, "आज एकटीच आहेस का?" संध्याकाळपर्यंत सात-आठ झाले. कोणी हळू बोलायचा, कोणी नुसता श्वास सोडायचा, एकाने दर विचारला. खोलीचा नव्हे. मी फोन कापायचे आणि बाबा वर न बघता विचारायचे, "कोण गो?" मी म्हणायचे, "राँग नंबर." दिवसाला वीस राँग नंबर कोणाला येतात? आईने एकदा माझ्या हातातून फोन ओढला आणि मासळी बाजारातला आपला ठेवणीतला आवाज काढला. "कोण रे तू मेल्या? घरात आवस-भयण नाय तुका?" पुढचं लिहीत नाही. तो माणूस नुसता हसला, असं आई नंतर म्हणाली. तिच्या तोंडाला कोणी हसल्याचं तिने आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

शेवटी एकाला मी रडकुंडीला येऊन विचारलं, की हा नंबर मिळाला कुठून. तो बिचारा गोंधळला. "तुम्हीच टाकलाय की साइटवर," म्हणाला.

मी एसटीने मालवणला गेले आणि सायबर कॅफेत अर्ध्या तासाचे पैसे भरले. तेव्हा सगळे कॉलेजवाले ज्या मैत्रीच्या साइटवर असायचे, तिथे मी होते. माझं नाव, गाव, नंबर. त्या पाहुण्याने काढलेल्या फोटोत हातात सुरमई धरून हसणारी मी. फोटोखाली इंग्रजी अक्षरांत मराठी मजकूर: मी इथे फार एकटी आहे, मला मित्र हवेत, लाजू नका, फोन करा. त्याखाली अनोळखी पुरुषांच्या ओळींवर ओळी. कोणी काय काय लिहिलं होतं ते माझ्या हाताला अजून लिहिता येत नाही. पलीकडच्या खुर्चीत बसलेल्याला दिसू नये म्हणून मी ओढणीने कंप्युटरचा पडदा झाकला. दिसायचं ते सगळ्या जगाला दिसत होतं, आणि मी ओढणीने झाकत होते. आठवलं की अजून कानशिलं तापतात.

घरी येऊन सांगितलं. आईला कळलं ते एवढंच, की कोणी तरी नालायकपणा केलाय. बाबांनी जाळ्याची सुई खाली ठेवली. मग विचारलं, "तूच नाय मां लिवलंस ह्या?"

मी "नाय" म्हटलं. पण लगेच नाही म्हटलं. मधल्या क्षणभरात मला त्या पाहुण्याला पाठवलेली उत्तरं आठवली, 'परत या' आठवलं, फोटोतलं हसू आठवलं. तो क्षण बाबांनी पाहिला. दर्यावरची माणसं वादळ डोळ्यांनी ओळखतात, तसं काही तरी त्यांनी ओळखलं असं त्यांना वाटलं असावं. ते चूक होतं. पण त्या दिवसापासून माझ्या हातचा चहा ते घ्यायचे तो खाली बघून. मी पुन्हा पुन्हा सांगितलं, शपथा घेतल्या. ते हूं म्हणायचे. त्या हूं इतकी लाज मला कुठल्याही फोनने आणली नाही. फोन करणारे परके होते.

माझ्या नावाची ती खोटी ओळख साइटवरून काढायला सांगण्याचा काही मार्ग असतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पोलिसांत जाऊ म्हटलं तर बाबा म्हणाले, चेडवाचं नाव, पोरीचं नाव, तिथे कशाला न्यायचं. फोन त्यांनी बंद करून देवाच्या फळीवर ठेवला. पाटीवरचा नंबर मीच डांबराने पुसला. आणि त्यांनी ठरवलं, चतुर्थी झाली की मला आंबोलीला मामाकडे पाठवायचं. मामा तिथेच माझ्यासाठी स्थळ बघणार होता. म्हणजे खोल्याही गेल्या आणि घरही.

मग बाबांनी आमच्याकडे करतात तेच केलं. संकट आलं की गाऱ्हाणं घालायचं.

नारळी पौर्णिमेला सगळा गाव किनाऱ्यावर जातो. दर्याला नारळ देण्याआधी गावचे एक म्हातारे मानकरी उभे राहून गाऱ्हाणं घालतात, होड्यांना सांभाळ, जाळ्यात बरकत दे, आणि प्रत्येक मागण्यावर सगळे पुरुष एका आवाजात म्हणतात, "व्हय म्हाराजा." गाऱ्हाण्याला हा होकार लागतो. होकाराशिवाय ते देवापर्यंत जात नाही असं मानतात. बाबांनी म्हाताऱ्यांच्या कानात सगळं सांगून वर बजावलं होतं, "घरात एक संकट आसा, इतक्याच म्हना."

पण म्हातारे जुन्या वळणाचे. अर्धवट सांगितलेलं देवाला कसं कळणार? त्यांनी डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात, लाटांच्या वर, बाबांचं नाव घेऊन सुरुवात केली. "हेच्या चेडवाचो फोटू कोणी भायरच्या माणसान कंपुटरात घातल्यान आसा म्हाराजा. रातदिस पुरुषांचे फोन येतत. ता बंद होव दे, आनी घातल्यान तेका तू बघून घे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," गाव म्हणाला.

मी बायकांत उभी होते. सगळ्या वळून बघतायत हे मान खाली असूनही कळत होतं. एकीने माझ्या दंडाला हळूच हात लावला, मायेनेच, आणि मला तो झटकावासा वाटला. पण मला सगळ्यात जास्त जे लागलं ते वेगळंच होतं. त्या गावच्या होकारात मी एक आवाज शोधत होते. बाबांचा आवाज शंभर माणसांतही मला ओळखता येतो, लहानपणापासून तो दर्यावरून येताना ऐकलाय. तो त्यात नव्हता. पुढे, पाण्याजवळ, ते नारळ धरून उभे होते आणि त्यांचे ओठ मिटलेले होते.

गाऱ्हाण्याचा पहिला परिणाम असा झाला, की ज्यांना साइटवरची ती ओळख माहीत नव्हती ते सगळे मालवणला जाऊन बघून आले. देवाला सांगायला गेलो आणि गावाला पत्ता दिला.

त्यानंतर आठवडाभराने तो मुलगा आला. दुपारची वेळ होती. बाबा सकाळीच दर्यातून परतून खळ्यात, घरापुढच्या अंगणात, जाळं पसरून बसले होते, आई मासे विकून नुकतीच आलेली. घाटावरचा, माझ्याच वयाचा असेल. इस्त्रीचा शर्ट रात्रभरच्या एसटीने चुरगळलेला, हातात पेढ्यांचा बॉक्स. घर दाखवायला वाटेवरचे दोघे हौसेने बरोबर आले होते आणि कुंपणाशीच थांबले होते.

तो माझ्याकडे बघून हसला, ओळखीचं. "फोन का बंद ठेवलात? मला काळजी वाटली," म्हणाला.

मी म्हटलं, मी तुम्हाला ओळखत नाही. त्याला वाटलं, घरचे आहेत म्हणून मी असं म्हणते. तो बाबांकडे वळला, नमस्कार केला, आणि सांगायला लागला, की आम्ही दोन महिने रोज साइटवर एकमेकांना लिहितोय, त्याचा हेतू वाईट नाही, तो लग्नाचं विचारायला आलाय. कुंपणाशी थांबलेल्या दोघांनी माना पुढे काढल्या. बाबांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. मला त्या वेळी विहीर जवळ वाटली, खोटं कशाला सांगू?

"मी काहीही लिहिलेलं नाही," मी म्हटलं.

तो आता रडवेला झाला होता. "असं काय करता? आषाढी एकादशीला नाही का तुम्ही लिहिलंत? माझा उपास होता, म्हणून मला दिवस पक्का आठवतो. तुम्ही लिहिलंत, बाबा होडी घेऊन समुद्रात गेलेत, उद्या येतील, आज घरी मी एकटीच. खूप भीती वाटते म्हणालात. मी रात्रभर जागा होतो."

बाबांचा हात जाळ्यावर थांबला.

"कदी?" त्यांनी विचारलं.

"आषाढी एकादशीला."

"आषाढात," बाबा म्हणाले. मग आईकडे बघून, जणू तिला माहीत नसावं, "आषाढात दर्यात कोण जाता? होडी झापांखाली होती. मी हयच बसललंय."

त्या मुलाला कळेना आपण काय चुकीचं बोललो. बाबा उठले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि ऑफिसात बोलतात तशा मराठीत म्हणाले, "हिने लिहिलेलं नाही. तुम्हाला कोणी तरी फसवलंय. आमच्या घरातलं माणूस असं लिहिणार नाही." आईने त्याला जेवून जायला सांगितलं. तो जेवला नाही. पेढे पडवीत ठेवून गेला आणि ते तिथेच राहिले, मुंग्या लागेपर्यंत.

मी आत जाऊन चुलीशी बसले आणि रडले. सुटले म्हणून नव्हे. अडीच महिने मी त्या माणसासमोर बसून नाही नाही म्हणत होते. आषाढभर तेही तिथेच होते, काही लिहीत बसलेलं मला त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. तरी माझ्या शब्दाला किंमत आली ती एका परक्याच्या तोंडून आषाढ निघाला तेव्हा. मला त्यांची लाज वाटली. त्यांची लाज वाटली याचीही लाज वाटली.

उन्हं उतरल्यावर ते दारात आले. हातात सोललेला नारळ. "चल," एवढंच म्हणाले.

किनाऱ्यावर भरती होती. थोड्या अंतरावर काही बायका वाळूवर सुकत घातलेली मासळी गोळा करत होत्या. बाबा गुडघाभर पाण्यात गेले, डोक्यावरची टोपी काढून खिशात घातली. गाऱ्हाणं घालणं त्यांचं काम नव्हे, त्यांना शब्द जुळवता येत नव्हते.

"बा देवा म्हाराजा," ते म्हणाले. "माज्या चेडवान खरा सांगल्यान. मी आयकूक नाय. जगान फोन केल्यानी ती वायच लाज, मी गप रवलंय ती मोठी. हिका मी खंय धाडूचंय नाय. फोन परत हिच्या हातात देतंय. चूक माजी आसा म्हाराजा."

आणि ते थांबले. नारळ हातात धरून, समोर बघत. मला आधी कळेना का थांबलेत. मग कळलं. गाऱ्हाण्याला होकार लागतो, आणि ऐकू जाईल इतक्या जवळ माझ्याशिवाय कोणी नव्हतं. आमच्याकडे बायका होकार देत नाहीत.

एक लाट आली, दुसरी आली. मी मुद्दाम थांबले हे मान्य करते. त्यांना थोडं थांबू दे असं मला वाटलं. मग मी म्हटलं, "व्हय म्हाराजा."

बाबा वळले नाहीत. "मोठ्यान म्हन," म्हणाले. "दर्याक आयकाक व्हया."

मी मोठ्याने म्हटलं. मासळी गोळा करणाऱ्या बायका हातातलं काम टाकून वळून बघायला लागल्या, आणि मला परत लाज वाटली, पण मी मान खाली घातली नाही. बाबांनी नारळ पाण्यात सोडला.